मेश्रामबापूंचा कच्चा कागद

तहसील कचेरीसमोरच्या टिनाखाली मी एकतीस वर्षं बसलो. गोरेगावात माझं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. मुन्शीजी म्हटलं की लहान पोरगंही माझ्या टेबलाकडे बोट दाखवतं. माझं काम अर्ज लिहिण्याचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज मी लिहायचा, आणि ज्याला लिहिता येतं पण साहेबाला काय वाचायला आवडतं ते कळत नाही, त्याचाही मीच. खरं सांगू? दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईकच जास्त. एकदा एक वकील माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन गेला आणि जाताना हळूच म्हणाला, "मुन्शीजी, किसी को बोलना मत." नाही बोललो. आज लिहितोय, पण नाव विचारू नका.

आमच्या धंद्यात कच्चं आणि पक्कं अशा दोन गोष्टी. गिऱ्हाईक बोलत जातं आणि मी वहीत पेन्सिलीनं उतरवत जातो, ते कच्चं. मग ते टाइपरायटरवर चढवायचं, ते पक्कं. कच्च्यात असतं, "माह्या काक्यानं माही बांधी दाबली जी, मोठा हरामी माणूस आहे." पक्क्यात येतं, "सामनेवाले यांनी अर्जदाराच्या धानशेतीवर हेतुपुरस्सर अतिक्रमण केले आहे." बांधी तीच, काका तोच, फक्त हरामी गाळलेला. हे गाळणं आणि घालणं म्हणजेच आमची विद्या. शिकवायला कोणी नसतं, चुकत चुकत येते.

घालण्याबद्दल तर काय बोलावं! अर्जात थोडं मीठ लागतं, नाहीतर साहेबाच्या घशाखाली उतरत नाही, असं माझं मत होतं. "अर्जदार अत्यंत गरीब असून लहान लहान मुलाबाळांचा सांभाळ करीत आहे," हे वाक्य माझ्या बोटांनाच पाठ झालेलं. देवरीकडच्या एका माणसाला मोहफुलं वेचताना अस्वलानं फाडलं. त्याच्या अर्जातही ते वाक्य आपसूक पडलं. चौकशीला आलेला साहेब भला माणूस, पोरांसाठी बिस्किटाचे पुडे घेऊन गेला. आणि हा गडी सडाफटिंग! चौथ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेला तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा. म्हणाला, "मुन्शीजी, तुमी माहं लगन काऊन लावून देलं? अन् तेबी मले न सांगता?" अख्खा टिन हसला. मीही हसलो. तेव्हाच शहाणा झालो असतो तर पुढचं सांगायची पाळी आली नसती.

नव्याण्णव साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमची चांदी झाली. भंडाऱ्याचे कागद गोंदियाला, गोंदियाचे पुन्हा भंडाऱ्याला, आणि मधल्या मधे लोक हैराण. सकाळी टाइपरायटरवरचं फडकं काढलं की संध्याकाळीच मान वर. त्याच धामधुमीत, दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका बाजाराच्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला हात धरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आणलं. उंच, ताठ, डोळ्यांत पांढुरका रंग. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. कंडक्टर म्हणाला, "इमानवाले बापू आहेत. तुमच्याच पाशी याचं आहे म्हणते."

आमच्या झाडीपट्टीत विमानाला इमान म्हणतात. मेश्रामबापूंचं नाव मी ऐकून होतो. दोन कोसांवरच्या गावातले. लढाईच्या काळात बिरसीला विमानांची धावपट्टी होत होती, तिथे मुरूम टाकायला मजुरीवर गेले, विमान पाहिलं आणि सातवी इंग्रजीच्या जोरावर थेट भरतीच झाले. ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकायला जायचे, तिथे जपान्यांच्या हाती सापडले, एवढं सगळ्या तालुक्याला माहीत. पंधरा ऑगस्टला एकदा कोणी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवायला गेलं, तर म्हणाले, "मी इंग्रजाच्या इमानात होतो जी. तिकडं स्वातंत्र्यसैनिक बसवा." आणि मागे जाऊन बसले.

"मुन्शी," बापू बाकावर बसत म्हणाले, "तुह्यापाशी बोललेली गोष्ट बाहेर जाते का?"

"गेली असती तर या गावात मी जिता राहिलो असतो का बापू?"

ते हसले नाहीत. "अर्ज नाही लिवाचा. एक पत्र लिवाचं आहे. घरी कोनाले सांगाचं नाही."

मी टाइपरायटर बाजूला सारला आणि वही उघडली. आज बापूंच्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगतोय, म्हणून पुढचं सांगता येतं.

आधी त्यांनी मला विमान समजावून दिलं, कारण समजल्याशिवाय तू लिहिशील काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं विमान दोघांचं. पुढे पायलट, त्याच्या पाठीला पाठ करून मागे बंदूकवाला, म्हणजे बापू. निशाणावर आलं की ते विमान नाक खाली करून सरळ जमिनीकडे सुटायचं, बॉम्ब सोडायचं आणि पुन्हा वर उचललं जायचं. "पायलटले जमीन दिसे," बापू म्हणाले, "मले फकत आभाळ. खाली का होऊन राहिलं ते मले कदीच दिसलं नाही. साहेबाच्या भरोशावर बसाचं." तो साहेब म्हणजे वसंत कर्णिक, इंदूरचा पोरगा, बापूंहून दोन-तीन वर्षांनी मोठा. पाठीला पाठ लावून दोघे दोन डझनांवर वेळा गेले आणि आले. शेवटच्या वेळी गोळा लागला, साहेबानं विमान कसंबसं धानाच्या बांध्यांत पोटावर उतरवलं. साहेबाचा पाय मोडला. संध्याकाळच्या आत जपानी आले.

"आता लिही," बापू म्हणाले. आणि मी लिहिलं. ते कच्चं असं:

"कमलताई, मी मेश्राम. तुमच्या भावाच्या मागं बसत होतो. सुटून आल्यावर मी तुमच्या घरी लिवलो होतो का वसंतसाहेब इमान पडल्याबरोबर गेले, त्याईले काई तरास झाला नाही. ते खोटं आहे. साहेब माह्यासंग रंगूनच्या जेलात सात महिने होते. पाय सडला. मंग जुलाब लागले. शेवटी शेवटी लय वरडत, जपान्याईले अन् मले शिव्या देत. एका पहाटे गेले. मी कोनाले सांगलो नाही. अंगावर पोतं टाकलो अन् झोपले आहे म्हनलो. सकारचा भात दोघाईचा घेतलो अन् खाल्लो. सांजचाबी घेतलो. मंग सांगलो. हे लिवाची हिंमत नोती म्हनून मी खोटं लिवलो. पन त्या खोट्यापाई साहेबाचा निरोप तुमाले भेटला नाही. एका झटक्यात मेला म्हनलो तं निरोप कवा देल्ला म्हनून सांगू? साहेब म्हने, कमीले सांग, पत्राचा जवाब नाही देल्ला म्हनून मले राग नाही. कोन लिवू देत नाही ते मले मालूम आहे."

पेन्सिल थांबली. मी विचारलं, "जवाब का देत नव्हती?"

"साहेबाचा बाप गांधीवाला. गोऱ्याच्या लढाईत कायले जातं म्हणून पोराशी भांडला. हा न जेवता घरून निघाला. बापानं पोरीले ताकीद देली, त्याले एक अक्षर लिवाचं नाही. सोळा वर्साची पोरगी. तिनं नाही लिवलं. साहेब जेलात रोज तिचं नाव घे."

"मग आजच काऊन बापू? इतक्या वर्सांनी?"

बापूंनी काठी बोटांनी चाचपली. "विहारात पंचशील म्हणतो आमी. पाच शीलं. चौथं खोटं न बोलाचं. छप्पन साली दीक्षा घेतलो तवापासून मी चार म्हणतो अन् चौथ्याले तोंड मिटतो. शेजारच्याले वाटते बुढा इसरला. डोळे होते तवा हिंमत नोती. आता हिंमत आली तं डोळे नाही. ते पोरगी पंच्याहत्तरची असन. तिले निरोप भेटला पायजे, बस."

आता माझं ऐका. मी ते टाइप करायला बसलो आणि भातापाशी माझी बोटं अडली. पंच्याहत्तर वर्षांची बाई हे वाचणार. भावाचा मुडदा पोत्याखाली, आणि शेजारी बसून कोणी त्याचा भात खातोय. कोणाच्या कामाचं हे? निरोप पोहोचला म्हणजे झालं ना! आणि बापूंबद्दलही वाटलं. एवढा सरळ माणूस, उतारवयात कोणाच्या तरी डोळ्यांतून का उतरावा? तीस वर्षांची विद्या जागी झाली. मी भात गाळला. शिव्या गाळल्या. आणि घातलं काय? "आपले बंधू अत्यंत शांतपणे, परमेश्वराचे नामस्मरण करीत निवर्तले." हे माझं मृत्यूच्या अर्जांतलं ठरलेलं वाक्य. निरोप मात्र ठेवला, चांगल्या भाषेत.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढे केलं ते पाप. बापू म्हणाले, "वाचून दाखव." मी पक्का कागद हातात धरला आणि वाचलं मात्र वहीतलं कच्चं. शब्दाला शब्द. भातासकट. बापू मान हलवत ऐकत राहिले. मग मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली आणि त्यांनी इंग्रजीत सही केली, वळणदार, जुन्या शाळेची. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुन्शी, आज हलका झालो."

घरी कळू नये म्हणून उत्तराचा पत्ता माझा दिला होता. पत्र टाकलं ते बापूंना पाठ असलेल्या जुन्याच पत्त्यावर. इंदूरला कर्णिकांचं घर तेच होतं, तिथे राहणाऱ्या भाच्यानं पत्र कमलताईंना पोहोचवलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. मी एकट्यानं वाचलं. ते असं:

"श्री. मेश्राम यांस नमस्कार. युद्धानंतर आपण लिहिले होते की दादा तत्काळ गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत. ते पत्र फार सुंदर होते. आईने ते शेवटपर्यंत देवघरात ठेवले. आता आपण लिहिता की तो सात महिने तुरुंगात होता, नामस्मरण करीत गेला आणि त्याने मला क्षमा केली. हे पत्रही सुंदरच आहे. पहिले खोटे होते असे आपणच म्हणता, मग दुसरे खरे कशावरून? खोटे का लिहिलेत, तेही यात कुठे नाही. दादा नास्तिक होता. मी आता म्हातारी झाले आहे, समजूत घालणारी पत्रे मला नकोत. कृपा करून मला उगाच क्षमा देऊ नका."

टिनाखाली त्या दिवशी गर्दी होती. मी दोघा-तिघांना सांगितलं, आज तब्येत ठीक नाही. खोटं नव्हतं ते. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं एक बाई त्या निरोपाशिवाय जगली, आणि निरोप दारात आला तर माझ्या मिठानं तिला तो ओकून टाकावा लागला.

बापू दर बाजाराला यायचे. "आलं का?" उत्तर आलेलं असूनही मी म्हणायचो, नाही बापू. पुढल्या बाजाराला, नाही बापू. ते म्हणायचे, येईल, पोस्टाचं काम असंच. तिसऱ्या बाजाराला ते आले तर तापानं अंग पोळत होतं, तरी आले. तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. बाकावर त्यांच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. भात गाळला ते, नामस्मरण घातलं ते, आणि वाचून दाखवताना फसवलं ते. मग कमलताईंचं पत्र वाचलं. हात उगारतील, निदान शिवी तरी देतील, असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

"तू काऊन केला असा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिले वाईट वाटू नये म्हणून बापू."

बापूंनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मीबी तवा असंच म्हणलो होतो."

नंतर त्यांनी विचारलं, कच्चं आहे का फाडलं? आहे, म्हटलं. मी कच्च्या वह्या कधी टाकत नाही. "तं तेच पाठव. पान फाड अन् जसं आहे तसं टाक." मी म्हटलं, बापू, पेन्सिलीचं आहे, अक्षर गिचमिड आहे, आणि भाषा आपली झाडीची, इंदूरच्या बाईला समजणार नाही. बापू पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "नाही समजलं तं ते कोनालेबी इचारन! तुले काय करा लागते?"

मी पान फाडलं. खाली माझ्या हातानं शाईनं लिहिलं, "पहिले पत्र बदलले ते मी, अर्ज लिहिणारा. मेश्राम यांचा त्यात दोष नाही." त्यांनी पुन्हा सही केली. "आता जवाबाचा पत्ता माह्या घरचा टाक," ते म्हणाले. मी विचारलं, घरी कळलं तर? ते म्हणाले, कळू दे.

पावसाळा सरून धान निसवायला लागलं तेव्हा त्यांच्या गावातला एक माणूस सांगत आला, बापूंनी बोलावलंय. मी मोटरसायकल काढली. बापू ओसरीत खाटेवर बसले होते, हातात बंद पाकीट. त्यांची सून वनिता अंगणवाडीत काम करते, चांगली शिकलेली. दारात उभी राहून ती म्हणाली, "चार दिवस झाले येऊन. मले हात लावू देत नाही. म्हणते मुन्शीच वाचन." असं म्हणून ती आत कामाला गेली.

मी पाकीट फोडलं. वाचायला लागलो.

"श्री. मेश्राम यांस सप्रेम नमस्कार. पेन्सिलीचे पान मिळाले. काही शब्द अडले, ते आमच्या शेजारी नागपूरकडच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडून समजून घेतले. दादा ओरडत होता, शिव्या देत होता, हे वाचले आणि वाटले, हा आमचा दादा. लहानपणी ताप आला की तो घर डोक्यावर घ्यायचा. म्हणून बाकीचेही मी खरे मानते. त्याचा निरोप मिळाला. त्याची तेव्हाची अकरा पत्रे माझ्याजवळ आहेत. एकालाही मी उत्तर दिले नव्हते. ती पत्रे उघडून पाहण्याचे धैर्य या महिन्यात प्रथमच झाले. आणि भाताविषयी. तो तुम्ही खाल्लात ते बरे केलेत. तुम्ही तो खाल्ला नसता, तर दादाचा निरोप माझ्यापर्यंत आणायला कोण उरले असते?"

बापूंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"शेवटची ओळ पुन्हा वाच."

वाचली.

"पुन्हा."

पुन्हा वाचली. बापूंनी मान माझ्याकडे वळवली. त्या पांढऱ्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो हे मला ठाऊक होतं, तरी मी खाली पाहिलं.

"मुन्शी," ते म्हणाले, "यात तू काई घातला तं नाही ना?"

एकतीस वर्षांत मला कोणी काय काय म्हटलं असेल, पण असं कधी काही लागलं नाही. रागानं विचारलं नव्हतं त्यांनी. अगदी काकुळतीला येऊन विचारलं होतं. शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्या शपथेची किंमत त्या ओसरीत मी स्वतःच घालवली होती.

"नाही घातलं बापू," एवढंच म्हणालो. "वनिताले बोलावू?"

तिला बोलावणं म्हणजे भाताची गोष्ट घरात जाणं. बापूंनी दाराकडे तोंड वळवलं. मग त्यांनीच हाक मारली, "सूनबाई, इकडं ये. हे वाचून सांग. पयल्यापासून."

वनिता हात पुसत आली. कागद घेतला, आधी बापूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाचायला लागली. अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवावं तसं सावकाश, एकेक शब्द. भातापाशी ती अडखळली. थांबली. बापू खाटेची दोरी मुठीत धरून बसले होते. तिनं सासऱ्याच्या पाठीवर एक हात ठेवला आणि पुढची ओळ वाचली, तीच, मी वाचली होती तशीच.

"असंच लिवलं आहे?" बापूंनी विचारलं.

"असंच आहे बाबा. निळ्या शाईनं."

तेव्हा बापू रडले. तीच ओळ मी तीनदा वाचली होती.